बाळंतिणीची विश्रांती : हक्काची गोष्ट



आमच्या गटातली एक जण सिझरनंतर चौथ्याच दिवशी घरी आली. कारण एकच, रोजचा डबा कोण पोचवणार? घरी आल्यावर टाके पिकले, पुन्हा दाखल व्हावं लागलं.

डब्याची गरजच नव्हती. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी दवाखान्यात साध्या बाळंतपणानंतर ३ दिवस, सिझरनंतर ७ दिवसांपर्यंत जेवण मोफत असतं. औषधं, तपासण्या आणि घरी सोडणारी गाडीही मोफत.

खासगी दवाखान्यांना महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी अधिनियम, १९४९ लागू आहे. २०२१च्या नियमांप्रमाणे दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावावी लागते. दिसली नाही तर विचारा. दाद मिळाली नाही तर जिल्हा शल्यचिकित्सकांना, शहरात महापालिकेला लेखी अर्ज द्या. एकटीनं नको, गटानं जाऊ!