भगरीला दोष देण्याआधी

फेब्रुवारी २०२४ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार तालुक्यात, सोमठाणा गावी, हरिनाम सप्ताहात एकादशीचा प्रसाद होता: भगर आणि आमटी. प्रसाद घेतल्यावर शेकडो लोकांना उलट्या-जुलाब सुरू झाले. दवाखान्यात खाटा पुरेनात, तेव्हा रुग्णांना बाहेर रस्त्यावर झोपवून, बांधलेल्या दोरीला सलाईनच्या बाटल्या अडकवाव्या लागल्या. महाशिवरात्र, आषाढी, नवरात्र असा उपवासाचा मोठा दिवस आला की महाराष्ट्रात कुठून ना कुठून अशी बातमी येते. आणि बातमी आली की एकच वाक्य घरोघरी फिरतं: भगरच विषारी, ती खाऊच नये.

भगर विषारी नाही. वरी, वरई, वऱ्याचे तांदूळ अशा नावांनी आपण जे खातो ते नाचणीच्या गोतावळ्यातलं भरडधान्य आहे. सह्याद्रीच्या उतारांवर आदिवासी शेतकरी ते पिढ्यान्‌पिढ्या पिकवतात, आणि त्यांच्या घरी ते फक्त उपवासाचं नसून रोजच्या जेवणाचंही अन्न राहिलं आहे. दाण्यातच विष असतं तर या माणसांना ते आधी कळलं असतं. बिघडते ती साठवण, बिघडतं ते पीठ, आणि पातेलं उतरल्यापासून पान वाढेपर्यंत जो वेळ जातो तो.

भगरीवर अ‍ॅस्परजिलस जातीची बुरशी सहज वाढते. जुलै ते ऑक्टोबर या काळात हवेतला दमटपणा आणि ऊब तिला मानवते. या बुरशीपासून फ्युमीगाक्लेव्हीनसारखी विषद्रव्यं तयार होतात. अन्न व औषध प्रशासन सणांच्या तोंडावर लोकांना सावध करतं ते यासाठीच. मळमळ, उलट्या, जुलाब यांच्या जोडीला चक्कर येणं आणि अंगाला थरथर सुटणं ही लक्षणं दिसली, तर संशय आधी या विषाचा घ्यावा.

इथे सगळ्यात घातक समज आड येतो: ‘शिजवल्यावर सगळं मरतं.’ बुरशी मरते, पण तिने आधीच तयार करून ठेवलेलं विष दाण्यात राहू शकतं. शेंगदाण्यावरच्या बुरशीचं अफ्लाटॉक्सिन हे याचं ठळक उदाहरण. ते घरच्या शिजवण्या-भाजण्याने पुरतं नाहीसं होत नाही. १९७४ मध्ये गुजरातचा पंचमहाल आणि राजस्थानचा बांसवाडा या आदिवासी जिल्ह्यांत बुरशी लागलेला मका खाऊन शंभरावर माणसं दगावली. त्यांनीही तो मका शिजवून-भाजूनच खाल्ला होता. उपवासाला भगरीसोबत दाण्याची आमटी असते, म्हणून सांगते: काळे पडलेले, सुरकुतलेले, कडवट लागणारे दाणे निवडून टाका. कुटात मिसळून ‘संपवून टाकू’ नका.

‘खराब असतं तर वास आला असता’ हाही असाच एक भरवसा. कुबट वास आला, पिठात गाठी किंवा जाळी दिसली, तर ते टाकायचंच. पण काहीच दिसलं नाही, वास आला नाही, म्हणजे ते निर्धोक आहे असं होत नाही. विषाला रंग-वास असेलच असं नाही. चाळल्याने आळ्या आणि जाळी जातात, विष जात नाही.

आता पिठाबद्दल. भगर आणि भगरीचं पीठ आपण एकाच मापाने मोजतो, ती चूक आहे. दाणा दळला की त्याचा कण न् कण हवेला उघडा पडतो, ओलावा झपाट्याने शोषला जातो आणि बुरशीला मोकळं रान मिळतं. किराणा दुकानात उघड्या पोत्यातलं पीठ मापाने घालून कागदाच्या पुडीत बांधून मिळतं. ते केव्हा दळलं, त्यात मागच्या सणाचं उरलेलं किती, हे दुकानदारालाही सांगता येत नाही. ‘सुटं म्हणजे ताजं’ हा समज उपवासाच्या पिठापुरता तरी सोडून द्यावा. पाकीटबंद भगर घ्या, पाकिटावर तारीख, बॅच क्रमांक आणि १४ अंकी परवाना क्रमांक पाहा, बिल मागा. पीठ हवंच असेल तर भगर निवडून, स्वच्छ करून, लागेल तेवढीच दळा. मागच्या एकादशीचं डब्याच्या तळाशी उरलेलं पीठ नव्या पिठात कधीही मिसळू नका.

प्रत्येक विषबाधेचं खापर बुरशीवर फोडणंही बरोबर नाही. पंगत शेकडो माणसांची असली की स्वयंपाक पहाटे लागतो आणि कीर्तन लांबलं तर पानं दुपार टळून गेल्यावर मांडली जातात. मधल्या वेळात मोठ्या पातेल्यातली भगर कोमट होऊन झाकणाखाली तशीच राहते. भात आणि भगर यांसारख्या धान्यांवर बॅसिलस सीरियस नावाचा जिवाणू असतो. त्याचे बीजाणू उकळीतही तग धरतात आणि अन्न कोमट झालं की पुन्हा वाढू लागतात. त्याचं उलटी आणणारं विष पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. हा जिवाणू उपवासाचं अन्न आणि रोजचं अन्न असा भेद करत नाही. ‘प्रसाद कधी बाधत नाही’ ही श्रद्धा मी समजू शकते. पण रांगेत बसलेल्या लहान मुलांची आणि म्हाताऱ्या माणसांची काळजी वाहणं हीसुद्धा सेवाच आहे. नियम साधा आहे: शिजवलेलं अन्न ६० अंश सेल्सिअसच्या वर, म्हणजे वाफाळतं गरम ठेवा, किंवा शिजल्यापासून दोन तासांच्या आत वाढा. पंगत मोठी असेल तर एकदाच सगळं न शिजवता दोन-तीन घाण्यांत शिजवा.

त्रास झालाच तर घरी मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नका. शुद्ध पूर्ण असेल आणि पाणी पोटात टिकत असेल तर जलसंजीवनी घोट घोट द्या: १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. थरथर, गुंगी, सतत उलट्या किंवा लघवी कमी झाली तर वाट न पाहता १०८ ला फोन करा. आणि एक गोष्ट घाईत हटकून राहून जाते, ती राहू देऊ नका: उरलेलं अन्न, पीठ आणि पाकीट फेकू नका. तपासणीला नमुनाच नसेल, तर दोषी माल पुढच्या गावात विकला जातो. ते झाकून वेगळं ठेवा आणि अन्न व औषध प्रशासनाच्या १८००२२२३६५ या क्रमांकावर कळवा.