सुकाणू आणि समीकरण

कविवर्य केशवसुतांचे जन्मगाव म्हणून परिचित असलेल्या रत्नागिरी जिल्ह्यातील मालगुंडच्या किनाऱ्यावरून होडी समुद्रात लोटली, की तांडेलाचा हात सुकाणूवर असतो. लाटेने होडी दिशा सोडते. तांडेल ते पाहून सुकाणू वळवितो. झालेला परिणाम पाहून पुढील कृती ठरविणे, हाच नियंत्रणशास्त्राचा पाया होय.

सुकाणू दुप्पट वळविले म्हणून होडी दुप्पट वळेल असे मात्र नाही. एका मर्यादेपलीकडे ते होडीचा वेगच रोखू लागते. कारण व परिणाम जेथे समप्रमाणात नसतात, त्या व्यवस्थेस ‘अरेषीय’ म्हणतात. विमाने, रासायनिक कारखाने, विजेची जाळी या सर्व व्यवस्था अशाच आहेत.

अशी समीकरणे बहुधा पूर्णपणे सुटत नाहीत. रशियन गणिती लियापुनोव यांनी १८९२ मध्ये त्यावर मार्ग दाखविला. वाटीत सोडलेली गोटी अखेर तळाशीच स्थिरावणार, हे सांगण्यास तिचा संपूर्ण मार्ग ठाऊक असावा लागत नाही. तिची ऊर्जा सतत घटते एवढे पुरे. याच तत्त्वावर समीकरण न सोडविताही व्यवस्थेचे स्थैर्य सिद्ध करता येते. रशियात जन्मलेले व अमेरिकेत काम करणारे मिनोर्स्की यांनी १९२२ साली जहाजाच्या स्वयंचलित सुकाणूचे गणित मांडले.

वारा व लाटा यांची अनिश्चितता हा पुढचा प्रश्न. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेचे १९७६ चे पदवीधर डॉ. विवेक बोरकर यांनी बर्कले येथे प्रा. प्रवीण वरैया यांच्या मार्गदर्शनाखाली १९८० मध्ये डॉक्टरेट मिळविली. पुढे टेक्सास विद्यापीठाचे आरी आरापोस्टाथिस व बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेचे मृणाल घोष यांच्यासह त्यांनी लिहिलेला ग्रंथ २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. यदृच्छेचे धक्के सतत बसणारी व्यवस्था दीर्घकाळ सरासरी कमीत कमी खर्चात कशी चालवावी, हा त्याचा विषय आहे.

हे संशोधन केवळ कागदापुरते नाही. ३० व ३१ जुलै २०१२ रोजी उत्तर भारतात व पाठोपाठ पूर्वेकडेही विजेचे जाळे कोसळले आणि कोट्यवधी लोकांचा वीजपुरवठा खंडित झाला. एका वाहिनीवरील ताण दुसरीवर पडत गेला, की बिघाड किती वेगाने पसरतो हे त्या वेळी दिसून आले. असे प्रश्न कोणत्याही एका देशाचे नाहीत. आणि एकदा सिद्ध झालेले प्रमेय बर्कलेत जितके खरे, तितकेच मुंबईतही.

शाळेत समप्रमाणाचा सरळ आलेख शिकविताना शिक्षकांनी शेजारी एक वक्र आलेखही काढावा. होडी, पंप आणि वीज यांचे खरे वर्तन त्या वक्ररेषेतच विद्यार्थ्यांना भेटेल.