ग्रामसुरक्षा दल
ग्रामसुरक्षा दल : चोरी, दरोडा इ. गुन्ह्यांपासून गावातील व्यक्ती व मालमत्ता यांचे संरक्षण करण्यासाठी पोलिसांच्या देखरेखीखाली काम करणारे ग्रामस्थांचे स्वयंसेवी संघटन. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ मधील कलम ६३ ब नुसार पोलीस अधीक्षकास अशी दले स्थापन करता येतात. महाराष्ट्र ग्रामपोलीस अधिनियम, १९६७ खाली नेमलेला पोलीस पाटील हा गाव व पोलीस ठाणे यांमधील दुवा असतो.

सामूहिक रक्षणाची ही कल्पना जुनी आहे. पूर्वी वेशीवर येसकर व रात्री जागल्या पहारा करीत. चोरी झाल्यास चोराचा माग शेजारच्या गावाच्या शिवेपर्यंत नेत. तेथून तो पुढे काढून देण्याची, अन्यथा नुकसान भरून देण्याची जबाबदारी त्या गावावर पडे.

बीड जिल्ह्यात या व्यवस्थेपुढे एक विशेष अडचण आहे. या अवर्षणप्रवण जिल्ह्यातून दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास लाखो ऊसतोड कामगार पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे जातात. गळीत हंगाम संपेपर्यंत पाटोदा, शिरूर कासार, वडवणी, धारूर इ. तालुक्यांतील अनेक गावांत कित्येक घरे कुलूपबंद असतात. मागे प्रामुख्याने वृद्ध व मुले उरतात. म्हणजे गस्तीची गरज वाढते, त्याच वेळी गस्त घालणारे तरुण गावात नसतात. त्यामुळे येथे रात्रीच्या फेरीइतकेच शेजाऱ्याच्या दक्षतेला महत्त्व आहे. बंद घरांची माहिती पोलीस पाटलास देणे, एकट्या वृद्धांची रोज विचारपूस करणे आणि संशयास्पद हालचाल दिसताच ११२ या क्रमांकावर कळविणे, ही कामे थोड्या माणसांनाही करता येतात.

दलाला शिक्षेचा अधिकार नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ नुसार आपल्यासमक्ष दखलपात्र व अजामीनपात्र गुन्हा करणाऱ्यास नागरिक पकडू शकतो. मात्र त्याला विनाविलंब, सहा तासांच्या आत पोलिसांच्या स्वाधीन करावे लागते. ही मर्यादा महत्त्वाची आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती अधिनियमाने अनेक जमातींवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला. ते कायदे १९५२ मध्ये रद्द झाले, तरी पारधी व अन्य भटक्या जमातींविषयीचा संशय ओसरला नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळविणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने भटक्या समाजातील पाच निरपराध व्यक्तींची हत्या केली. परक्या माणसाची चौकशी करणे हे दलाचे काम होय. त्याला गुन्हेगार ठरविणे हे न्यायालयाचे.