विषाणूचे वजन

गढूळ पाण्याचे भांडे स्वस्थ ठेवले की वाळू तत्काळ तळाशी बसते. चिकणमाती मात्र बराच काळ तरंगत राहते. तंबाखूच्या पानांवर फिकट व गडद ठिपके उमटविणारा मोझेक विषाणू त्या मातीहूनही पुष्कळ सूक्ष्म. पाण्याच्या रेणूंचे धक्के त्यास खाली बसूच देत नाहीत. मग त्याचे वजन करावयाचे कसे?

स्वीडनमधील उप्साला येथे स्वेडबर्ग यांनी १९२० नंतरच्या दशकात अल्ट्रासेंट्रिफ्यूज, म्हणजे अतिवेगी अपकेंद्री यंत्र, सिद्ध केले. त्याच्या चक्रातील पारदर्शक कुपीत कण बाहेरच्या बाजूस सरकू लागले म्हणजे मागे स्वच्छ द्रव उरतो आणि दोहोंमधील सीमा दिसू लागते. तिचा वेग छायाचित्रांवरून मोजून त्यास अपकेंद्री त्वरणाने भागले, की अवसादनांक मिळतो. स्वेडबर्ग या एककात आपल्या विषाणूचा अंक सुमारे १९० आहे.

पण अवसादनांक म्हणजे वजन नव्हे. जड कण जलद सरकतो, एवढेच वर्गात सांगून थांबू नये, असे आमचे मत आहे. सरकणाऱ्या कणास द्रवाचे घर्षण होते, आणि सारख्या वजनाच्या वाटोळ्या गोळीपेक्षा लांब काडीस ते अधिक होते. हा विषाणू तर काडीच आहे: लांबी ३०० नॅनोमीटर, जाडी अवघी १८. स्टॅन्ली यांनी १९३५ साली तो स्फटिकरूपात मिळविला. त्यानंतरच्या पहिल्या मापनांत त्याचा रेणुभार सुमारे १ कोटी ७० लाख ठरला. १९३८ मध्ये लॉफर यांनी द्रावणाच्या दाटपणावरून कणाचा लांबटपणा हिशेबात धरला, तेव्हा तोच आकडा ४ कोटींच्या वर गेला. आकाराविषयीचे गृहीत बदलताच वजन दुपटीहून अधिक व्हावे, ही लहान गोष्ट नव्हे!

आकाराचा तर्क टाळावयाचा तर विसरण मोजावे. कण आपोआप किती संथपणे पसरतात, हेही त्याच घर्षणावर अवलंबून असते. म्हणून अवसादनांकास विसरणांकाने भागले की घर्षण हिशेबातून निघून जाते. उरतात तापमान आणि उत्प्लावकता. विषाणूचे विशिष्ट घनफळ सुमारे ०.७३ असल्याने पाण्यात त्याचे जेमतेम २७ टक्के वजन जाणवते. येथे ०.७४ धरले, तर उत्तर सुमारे ४ टक्क्यांनी फुगते!

या आकड्याचा पडताळा पुढे कणाच्या रचनेवरूनच मिळाला. प्रत्येकी सुमारे १७,५०० रेणुभाराचे २१३० प्रथिनघटक आणि त्यांत गुंडाळलेली रायबोन्यूक्लिइक आम्लाची सुमारे ६४०० दुव्यांची साखळी मिळून बेरीज ३ कोटी ९० लाखांच्या थोडी पुढे जाते.