मालट्रकचा हीटर, एसी आणि उत्कलनबिंदू

मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे महामार्ग धुळ्याला एकमेकांना छेदतात. उन्हाळ्यात जळगाव-धुळ्याचा पारा ४५° से.च्या आसपास जातो. मग ट्रकचालकाची केबिन किती तापत असेल! १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या, साडेतीन टनांहून जड मालट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा झाला आहे. मग हीटर-एसीची दुरुस्ती घरच्या घरी करता येईल का?

प्रथम हीटर पाहू. त्याची कॉइल म्हणजे छोटा रेडिएटरच. तिच्यातून इंजिनाचे गरम पाणी फिरते. ती गळू लागली, तर पाणी काढून, दोन्ही नळ्या सोडवून बदलता येते. पण इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच. बंद रेडिएटरात एक वातावरण जादा दाब असला, तर पाणी सुमारे १२०° से.ला उकळते. झाकण उघडताच दाब उतरतो, पाणी एकदम उकळून उसळते आणि हात-तोंड भाजते.

एसीतला आर-१३४ए हा पदार्थ मोकळ्या हवेत उणे २६° से.लाच उकळतो. नळी सोडली, की उकळण्यासाठी लागणारी उष्णता तो आपल्या त्वचेतून घेतो आणि त्वचा गोठते. शिवाय तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडपेक्षा तो वातावरण हजारपटींहून अधिक तापवतो. म्हणून हे काम जाणत्या मेकॅनिककडेच सोपवावे. तो आधी वायू यंत्रात ओढून घेतो आणि नवा भाग बसवल्यावर निर्वात पंप लावतो. नळ्यांतला ओलावा त्या कमी दाबाखाली साध्या तापमानालाच उकळून निघून जातो.

नियम एकच : दाब बदलला, की उत्कलनबिंदू बदलतो. आता सांगा पाहू, वाफ जिरण्याआधी कुकर का उघडू नये?