दम लागतो तेव्हा

ओळ म्हणताना श्वास कुठे तुटतो, याकडे आम्हा कवींचे लक्ष असते. पण श्वासाबरोबर बाहेर काय जाते?

श्वास सोडताना अतिसूक्ष्म कण बाहेर पडतात. खोकल्याचे मोठे थेंब लवकर खाली बसतात. हे कण मात्र बंद खोलीत बराच वेळ तरंगतात. माणूस आजारी असेल, तर रोगजंतूही त्यांच्यावर स्वार होतात.

जर्मनीत म्युनिकच्या संशोधकांनी २०२२मध्ये १६ जणांवरील मोजणी प्रसिद्ध केली. विश्रांतीत मिनिटाला सरासरी ५८० कण. पूर्ण दमछाक होईपर्यंत सायकल मारल्यावर ७६,२००! हलक्या व्यायामात वाढ बेताची, दम लागला की एकदम उसळी.

याचा अर्थ दक्षिण कोरियातल्या चेओनान शहराने आधीच अनुभवला होता. २०२०च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये तिथल्या नृत्य-व्यायामाच्या वर्गांशी निगडित कोरोनाचे ११२ रुग्ण सापडले. लहान खोल्या, दाटी आणि वेगवान हालचाली. बाधित प्रशिक्षकाने घेतलेल्या योग व पिलाटेसच्या वर्गांत मात्र कुणालाच लागण झाली नाही. तिथे माणसे कमी आणि श्वासही संथ होते.

म्हणून व्यायाम सोडायचा का? मुळीच नाही. दमवणारा व्यायाम शक्यतो मैदानात करावा. खोलीत असाल तर खिडक्या उघडा, अंतर ठेवा, गर्दी टाळा. नुसता एसी लावून भागत नाही. अनेक एसी तीच हवा फिरवतात. आणि ताप-खोकला असेल त्या दिवशी घरीच विश्रांती घ्या. आपला श्वास आपल्यापुरता कधीच नसतो.