जुना दिवाण रंगवताना

पाऊस उघडला की वरोऱ्यात घरोघरी रंगाचे डबे येतात. भिंतींसोबत जुना दिवाण, कपाट, बाळाचा पाळणाही रंगवला जातो. आपल्या जिल्ह्याचे सागवान पिढ्यान्‌पिढ्या टिकते; ते काढून प्लायवूड आणण्यापेक्षा रंगवणे केव्हाही बरे. पण आधी जुना रंग घासतात, आणि आमची काळजी तिथे आहे.

जुन्या ऑइल पेंटमध्ये, विशेषतः पिवळ्या, लाल, केशरी रंगांत, शिसे असू शकते. घरगुती रंगात दहा लाख भागांत 90 भागांपेक्षा जास्त शिसे नको, हा नियम देशात 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. रंग त्याआधीचा असेल तर शिसे आहे असे धरूनच चाला. कोरडे घासले की धूळ जमिनीवर बसते आणि रांगणारे मूल तोच हात तोंडात घालते. पोटात गेलेले शिसे मुलाचे शरीर मोठ्यांच्या चार-पाच पट शोषते, अंगात लोह कमी असेल तर आणखी जास्त. आपल्या वस्त्यांत रक्त कमी असलेली लेकरे किती, हे का सांगायला पाहिजे? मेंदूचे झालेले नुकसान सहसा भरून येत नाही. शिसे हाडांतही साठते आणि गरोदरपणात तिथून सुटून पोटातल्या बाळापर्यंत पोहोचते.

म्हणून दिवाण अंगणात काढा, खाली प्लास्टिक अंथरा. मुले आणि गरोदर बाई दूर राहू द्या. जुना रंग घट्ट असेल तर लाकडापर्यंत खरवडू नका. पाणी मारून वॉटर पेपरने चमक तेवढी उतरवा, नवा रंग धरतो. नंतर झाडू नको, ओल्या फडक्याने पुसा. ज्योतीने रंग जाळू नका. उरलेली रंगीत फळी चुलीत तर मुळीच नको. त्या धुरात आणि राखेत शिसे असते.

तोंडाला बांधलेला रुमाल ही धूळ अडवत नाही. एन-95 मास्क अडवतो, पण थिनरची वाफ तोही अडवत नाही. वास पुरता जाईपर्यंत त्या खोलीत झोपू नका.

पेंटरकाम करणाऱ्या भावांनी कामाचे कपडे घरच्या कपड्यांत धुऊ नयेत, आणि हात धुतल्याशिवाय बिडी, खर्रा नको.

मुलाचे पोट वारंवार दुखत असेल, शौचास कडक होत असेल, चेहरा फिका पडला असेल, तर घरी रंग घासला होता हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. रक्तातले शिसे वेगळ्या तपासणीत कळते, हिमोग्लोबिनच्या नाही.